गोष्टीतली गाढवी आणि भट्टीवरची मी

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवी आहे आणि मला माणसांची किळस येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे ऐकताना तुम्ही नाक मुरडायला नको. सतरा वर्षं मी माणसांत काढली. त्यांच्या विटा वाहिल्या, त्यांची राख वाहिली, वर्षातून एकदा त्यांचा देवही वाहिला. एवढं करून उजव्या पायानं लंगडी झाले. शिरूरजवळ घोडनदीच्या काठी एक वीटभट्टी आहे, तिच्या कडेला बाभळीखाली माझा मुक्काम असतो.

माझा जन्म भीमेच्या काठी, दौंडच्या बाजूला झाला. आई वाळू वाहायची. तिचा पाय एका खड्ड्यात मुरगळला आणि ती लंगडायला लागली. दोन दिवसांनी एक ट्रक आला, त्यात तिला चढवलं. त्या ट्रकात लंगडी, आंधळी, म्हातारी गाढवं भरलेली होती. तो ट्रक कातड्यासाठी जातो हे नदीवरच्या सगळ्या गाढवांना ठाऊक होतं, आणि माणसांनाही होतं. माणसं मात्र "लांब गेली" म्हणतात. माणसाला वाईट काम करताना गोड शब्द कसा सापडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसऱ्या वर्षी मला जेजुरीला नेलं. पौष पौर्णिमेला तिथं गाढवांचा बाजार भरतो. माझ्या पाठीवर गुलाबी रंगाचे पट्टे ओढले होते. येणारा जाणारा माझा जबडा फाकवून दात बघत होता. तंबाखू मळलेले अंगठे, चुना लागलेले अंगठे, कधीच न धुतलेले अंगठे. ती चव आठवली की आजही मला मळमळतं. शेवटी हौशीराम नावाच्या माणसानं मला घेतलं. हौशीराम म्हणजे नुसती हाडं, हाडांवर मिशा आणि मिशांखाली शिव्या. त्याची बायको धुरपदा. दिवाळी झाली की पाऊस येईपर्यंत दोघं भट्टीवर पत्र्याच्या खोपीत राहायची. ती विटा थापायची, तो त्या माझ्या पाठीवरून भट्टीपर्यंत न्यायचा.

भट्टी सावळाराम आप्पांची. आप्पांचा ऊस आहे, दोन ट्रॅक्टर आहेत आणि सोसायटीत खुर्ची आहे. वाईट माणूस नाही. चांगला म्हणावा असंही काही मी पाहिलं नाही.

चौदा वर्षं मी त्याच वाटेवरून चालले. हौशीराम मला रोज मारायचा. रागानं नाही हो, सवयीनं. चालताना त्याचा हात हलायचा आणि हातात काठी असायची, एवढंच. रागानं मारलं असतं तर निदान त्याचं माझ्याकडं लक्ष तरी गेलं असतं.

आता चर्चचं सांगते. शिरूरमध्ये एक छोटं चर्च आहे. तिथं ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार पाळतात. येशू गाढवावर बसून यरुशलेम शहरात आला आणि लोकांनी वाटेवर झावळ्या अंथरल्या, त्याची ती आठवण. त्या मंडळीत शांतवन मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. सगळी नोकरी दौंडला झालेली, म्हातारपणी शिरूरला राहायला आलेले. एका वर्षी ते भट्टीवर आले आणि म्हणाले, एका दिवसापुरती गाढवी पाहिजे, वरात काढायची आहे.

हौशीरामला गाढवाची एकच वरात माहीत होती. तोंडाला काळं फासून, गळ्यात खेटरांची माळ घालून काढतात ती.

"कुणाची धिंड हाय मास्तर?" त्यानं विचारलं.

"धिंड नाही रे. देव बसणार आहे."

"देवानं काय केलतं?"

मास्तर म्हणाले, "काही केलं नव्हतं. तरी पुढं त्याची धिंडच निघाली. पण ती नंतरची गोष्ट."

असं माझं चर्चमध्ये जाणं सुरू झालं. वर्षातून एक दिवस मला साबणानं धुवायचे, गळ्यात झेंडूची माळ घालायचे. देवाच्या जागी सत्यजीत नावाचा मेडिकलवाला बसायचा. अंगावर पांढरी चादर, चादरीच्या आत मोबाईल आणि वजन सिमेंटच्या दोन गोण्यांचं. पण पोरं माझ्या कानांना हात लावायची, तबल्यावर गाणी म्हणायची, झावळ्या हलवायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सोमवारी त्याच पाठीवर विटा आणि तीच काठी. मास्तर सोडले तर सोमवारी मी कुठं असते हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

पाचव्या वर्षी माझ्याकडून गुन्हा घडला. चर्चच्या दारात नव्या पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या, पुण्याहून पाहुणे आले होते आणि नेमकी तिथंच मी लीद टाकली. गाढव दुसरं काय टाकणार? अनिताबाई म्हणून तिथल्या सेक्रेटरी आहेत. त्यांनी नाकाला रुमाल लावला तो सुटेचना. कमिटीची मीटिंग झाली. पुढच्या वर्षी त्यांनी थर्माकोलचं गाढव केलं. त्याला चाकं होती, रंगवलेले डोळे होते, आणि त्याला लीद होत नव्हती. सत्यजीत त्याच्या शेजारून चालला, कारण वर बसला असता तर ते मोडलं असतं. मास्तरांनी हे हौशीरामला सांगितलं तेव्हा मी बाजूलाच उभी होते. मला हसू आलं नाही. ज्यांच्या देवाला खरं गाढव चाललं, त्यांना ते चाललं नाही, याची शिसारी आली.

मास्तरांनाही ती आली असावी. त्या दिवाळीपासून त्यांनी एक नेम धरला. रविवारी उपासना आटोपली की बस पकडायची, भट्टीच्या फाट्यावर उतरायचं आणि दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून बायबलमधली एक गोष्ट सांगायची. बसायला उपडं घमेलं. समोर थापणारी, भाजणारी, वाहणारी माणसं, त्यांची पोरं आणि मागं खुंट्याला आम्ही गाढवं. मास्तर कुणाला प्रार्थना करा म्हणत नसत. तात्पर्यही सांगत नसत. गोष्ट संपली की पँटची धूळ झटकायची आणि तीनच्या बसला निघायचं. पोरांनी विचारलं, "मग पुढं?" तर म्हणायचे, "पुढं तुम्ही बघा."

एकदा अनिताबाई स्कूटीवरून भट्टीवर आल्या. रुमाल होताच.

"मास्तर, या गोष्टी संडे स्कूलच्या आहेत. इथं सांगून काय उपयोग? ही माणसं उपासनेला येणार आहेत का? आणि दिवस कसे आहेत बघा, लोक काहीही बोलतात."

"येणार नाहीत," मास्तर म्हणाले. "मी बोलवतही नाही. पण बाई, गोष्टीत गाढवं आहेत, मेंढरं आहेत, दुष्काळ आहे, भावाभावांची भांडणं आहेत. आपल्या हॉलमध्ये पंखे आहेत. मग गोष्ट कुठं सांगू?"

स्कूटी वळवताना बाईंच्या चपलेला माझी लीद लागली. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तुमच्यात म्हण आहे, गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. ज्यानं ती केली त्यानं गाढवाला कधी विचारलं नसणार. मी सगळ्या गोष्टी ऐकल्या. योसेफाला त्याच्याच भावांनी खड्ड्यात टाकून विकलं, तेव्हा भट्टीवरचे दोन भाऊ एकमेकांकडं न बघता उठून गेले. नवरा मेल्यावरही सासूला न सोडणाऱ्या रूथची गोष्ट झाली, तेव्हा धुरपदानं तीन वर्षांत पहिल्यांदा सुनेला फोन लावला. बोलणं काय, "जेवलीस का" एवढंच. पण लावला. कुणी धर्म बदलला नाही, कुणी चर्चची पायरी चढलं नाही. गोष्ट त्यांच्या घरात शिरली आणि कोपऱ्यात बसून राहिली.

मग मास्तरांनी विटांची गोष्ट सांगितली. मिसर म्हणजे इजिप्त, तिथल्या राजानं गुलामांना विटा पाडायला लावल्या. वर हुकूम काढला, आता भुसा देणार नाही, तुमचा तुम्ही आणा, पण विटा पूर्वीइतक्याच झाल्या पाहिजेत. भट्टीवरची माणसं ही गोष्ट ऐकताना पुढं सरकली. भुसा म्हणजे काय, हे चर्चमध्ये समजावून सांगावं लागत असेल. इथं सगळ्यांच्या नखांत तो होता.

"भुशाबिगर वीट उन्हात तडकती," धुरपदा म्हणाली. "त्या राजानं उभ्या जल्मात वीट थापली न्हाई, तवाच आसं बोलला."

सावळाराम आप्पा मागं उभे होते. कधी आले कुणाला कळलं नाही. ते हसले आणि चालायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, "मास्तरांना सांगा, गोष्टी खुशाल सांगा. पण विटांच्या नको." मला त्या निरोपाची फार किळस आली. तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा मेला, पण त्याला सांभाळणारे अजून आहेत.

मास्तरांना भट्टी सोडायची नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी बिनधोक वाटणारी गोष्ट निवडली. गाढवीची.

ती अशी. बलाम नावाचा एक माणूस बक्षिसाच्या लोभानं वाईट कामाला निघाला होता. गाढवीवर बसला होता. वाटेत देवाचा दूत तलवार घेऊन उभा राहिला. माणसाला तो दिसेना, गाढवीला दिसला. ती शेतात वळली, त्यानं मारलं. पुढं अरुंद बोळात ती भिंतीला घासली, त्यानं पुन्हा मारलं. मग वळायलाही जागा नाही अशा ठिकाणी ती खालीच बसली, तर त्यानं काठीनं झोडपलं. तेव्हा देवानं तिला वाचा दिली. ती म्हणाली, मी तुझं काय केलं म्हणून तू मला तीनदा मारलंस? इतकी वर्षं तू माझ्यावर बसतोस, मी कधी अशी वागले का? तो म्हणाला, नाही. मग त्याचे डोळे उघडले.

हौशीराम मागं वळून माझ्याकडं बघायला लागला. चौदा वर्षांत त्यानं माझ्या तोंडाकडं असं बघितलं नव्हतं.

"म्हंजी गाढवाला द्येव दिसतो?" त्यानं विचारलं.

"त्या गाढवीला दिसला," मास्तर म्हणाले आणि नेहमीसारखे धूळ झटकून बसला गेले. मित्रांनो, मास्तर चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी तीनची बस चुकवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आमच्याकडं देवाला कौल लावतात, तुम्हाला ठाऊक असेल. देवाच्या अंगाला फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. या लोकांनी माझ्या कानांना कौल लावायला सुरुवात केली. उजवा कान हलला की हो, डावा हलला की नाही. माश्या बसल्या की माझे कान हलतात. एवढं साधं या भल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांत रांग लागली. कुणाचा पोरगा कारेगावच्या कंपनीत परमनंट होईल का, कुणाच्या बोअरला पाणी लागेल का, कुणाच्या लेकीला दिवस राहतील का. माझ्या खुरांवर नारळ फोडायचे. गुलाल डोळ्यांत जायचा. एकीनं दूध ओतलं, ते वाळून माझ्या पाठीला आंबूस वास सुटला. हौशीराम काठी टाकून मोरपिसं घेऊन उभा राहायला लागला. सावळाराम आप्पाही गाडीतून आले. सोसायटीची खुर्ची राहील का, त्यांनी हळूच विचारलं. माझ्या डाव्या कानावर माशी होती. आप्पा वळसा घालून माझ्या दुसऱ्या अंगाला आले आणि तिथून पुन्हा विचारलं.

याच दिवसांत माझ्या पायात तार घुसली. भट्टी पेटवायला जुने टायर जाळतात, त्यांच्यातल्या बारीक तारा राखेत राहतात. उजव्या पुढच्या खुरात ती तार आत गेली आणि मोडली. पाय टेकवला की मस्तकात कळ जायची. मला आई आठवली, तो ट्रक आठवला. लंगडं गाढव भट्टीवर राहत नाही. आता कुणी खाली वाकून तार काढली तर मी जगणार होते, नाहीतर त्या ट्रकात चढणार होते. मधलं काही नव्हतं.

मी चालता चालता थांबायला लागले. पूर्वी थांबले असते तर काठी बसली असती, आणि मारता मारता का होईना, हौशीरामला कळलं असतं की हिचं काहीतरी बिनसलंय. आता मी थांबले की लोक हात जोडायचे.

"थांबली बगा. म्होरं कायतरी दिसतंय तिला."

सगळे पुढं बघायचे. मोकळ्या वाटेकडं बघून नमस्कार करायचे. खाली कुणी बघेना. ज्या जागी मी तीनदा थांबले, तिथं त्यांनी शेंदूर फासून एक दगड मांडला. माझा खूर सडायला लागला, पू झाला, त्याची घाण यायला लागली. वास येतो म्हणून त्यांनी उदबत्त्या वाढवल्या. मित्रांनो, मी उकिरड्यावर जन्म काढला आहे, पण उदबत्तीच्या धुरात मिसळलेल्या माझ्याच पायाच्या वासानं आली तशी ओकारी मला कधी आली नाही.

मास्तर तीन रविवार आले नव्हते. दौंडला लेकीकडं तापानं पडले होते. चौथ्या रविवारी आले, तर फाट्यापासूनच रांग. माझ्या गळ्यातल्या माळा, कपाळावरचा गुलाल, समोरचा शेंदरी दगड, सगळं त्यांनी बघितलं आणि मातीतच बसले. घमेलंसुद्धा घेतलं नाही.

"हौशीराम," ते म्हणाले, "गोष्टीतली गाढवी काय बोलली रे?"

"म्हनली, म्होरं द्येव उभा हाय."

"असं नाही बोलली. आठव."

हौशीराम डोकं खाजवायला लागला. धुरपदानं सांगितलं. "मला का मारलंस, आसं म्हनली."

"आणि?"

"आन् इच्यारलं, मी आजवर कवा आशी वागले व्हते का?"

"हं. भविष्य सांगितलं का तिनं? कुणाचं काही सांगितलं?"

"न्हाई," धुरपदा हळूच म्हणाली. "सोताचंच सांगितलं."

"मग हिचं कुणी विचारलं?"

रांगेतला एकजण खोकला. हौशीराम माझ्या समोर येऊन उभा राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी हलत होतं.

"चवदा वर्सात ही मधीच कवा थांबली न्हाई," तो म्हणाला. "एकदा बी न्हाई."

आणि मग तो वाकला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तुम्ही म्हणता. हा अडला नव्हता. त्याचं चांगलं चाललं होतं, नारळ घरी येत होते. तरी तो मातीत गुडघे टेकून बसला आणि त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. चिखल पुसला, दाबलं, आणि पुवाची धार त्याच्या धोतरावर उडाली. मी लाथ मारली नाही. फार मनात आलं, पण नाही मारली.

रांग मागं सरली. बाया पदर नाकाला लावायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "द्येवाला पू व्हतो व्हय?" त्यावर एकानं समोर ठेवलेला आपला नारळ उचलून पिशवीत घातला. मग दुसऱ्यानं घातला. थोड्या वेळानं तिथं मास्तर, हौशीराम, धुरपदा आणि मी, एवढेच उरलो. माझी किळस तुम्हाला खोटी वाटत असेल तर ते पिशवीत परत गेलेले नारळ डोळ्यांपुढं आणा.

हौशीरामनं पक्कडीनं तार ओढून काढली. धुरपदानं कडुलिंबाच्या पाण्यानं पाय धुतला, हळद भरली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. पू थांबला, पण खूर वाकडा राहिला. मी लंगडी झाले.

सावळाराम आप्पा आले आणि माझ्याकडं न बघता हौशीरामला म्हणाले, "पौर्णिमा जवळ आलीये. हिला जेजुरीला ने. तिथं ट्रकवाला असतो, तो कसलं बी घेतो. आलेल्या पैशात भर घालून तरणं आण. भट्टीवर काम करणारं जनावर पाहिजे, पेन्शनर नको." हौशीराम "व्हय आप्पा" म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. माझ्याशिवाय त्याची रोजी बंद, आणि मी असूनही बंदच.

पौष पौर्णिमेला त्यानं मला टेम्पोत चढवलं. जेजुरीच्या बाजारात सगळीकडं रंगवलेली तरणी गाढवं होती. मला रंग लावला नव्हता. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग ट्रकवाला आला. त्याचा अंगठा माझ्या तोंडात गेला, मग त्यानं माझ्या पायाला बुटानं टोचलं.

"लंगडी कैसे हुई?"

हौशीरामनं नुसतं 'तार घुसली' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तो सांगायला लागला.

"एक मानूस व्हता," तो म्हणाला. "त्याची गाढवी चवदा वर्सं त्येच्या विटा वाहत व्हती. त्यो तिला रोज मारायचा. का मारायचा, त्यालाच ठावं नव्हतं. मग ती थांबायला लागली. त्यो म्हनला, हिला द्येव दिसतोय. त्यानं हात जोडले, कुकू लावलं, नारळ फोडले. तिचा पाय सडत व्हता आन् त्यो मानूस म्होरं बघत व्हता."

आजूबाजूचे दोघंतिघं गाढववाले जवळ आले. त्यांच्याही हातांत काठ्या होत्या.

"त्या मानसाचं नाव काय?" एकानं विचारलं.

गोष्टीतल्या माणसाचं नाव बलाम, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मास्तरांनी दोनदा सांगितलं होतं. हौशीराम जरा वेळ दावं चाचपत उभा राहिला.

"हौशीराम," तो म्हणाला.

ट्रकवाल्याला उशीर होत होता. "कहानी मत सुना. दाम बोल."

"दाम न्हाई," हौशीराम म्हणाला. "हिची नुसती गोष्ट हाय." आणि त्यानं माझं दावं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

ट्रकवाला त्याला वेडा म्हणून पुढं गेला. आम्ही तरणं गाढव न घेता परत आलो. आप्पांनी हौशीरामला काढलं नाही, पण वाहण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. आता तो हातगाडीवर विटा ओढतो. उन्हात त्याच्या पाठीला घाम येतो आणि ओढताना तो मध्येच थांबतो. पलीकडून आप्पांचा मुकादम ओरडतो. मी बाभळीखाली उभी राहून बघते. मला आनंद होत नाही, आणि दयाही पुरती येत नाही. चौदा वर्षांच्या काठ्या एका दावं गुंडाळण्यानं फिटत नाहीत.

मास्तर अजून रविवारी येतात, पण गाढवीची गोष्ट आता ते सांगत नाहीत. ती हौशीराम सांगतो. त्याच्या गोष्टीत तलवारवाला दूत नाही, राजा नाही. एक गाढवी आणि एक आंधळा माणूस, बस्स. ऐकायला लांबच्या भट्ट्यांवरून गाढववाले येतात. गोष्ट संपल्यावर त्यांतला एखादा उठतो, कुणाला काही न सांगता आपल्या गाढवाजवळ जातो आणि वाकतो. सगळे नाही वाकत. बरेचसे चहा पिऊन जातात.

म्हणून जाता जाता सांगते, मित्रांनो. ही गोष्ट चर्चमध्ये ऐका, शाळेत ऐका, नाहीतर भट्टीवर ऐका, जागेनं काही बिघडत नाही. पण तुमच्याबरोबर रोज चालणारं कुणी वाटेत थांबलं, मग ते जनावर असो की माणूस, तर काठी उचलू नका आणि हातही जोडू नका. खाली वाका आणि पाय बघा. तेवढं वाकणं होत नसेल तर कृपा करून गोष्टी ऐकत जाऊ नका.